वाचकांचे प्रश्न : लोखंडाच्या सुपरकंडक्टरमधले इलेक्ट्रॉन चुंबकात कसे मोजतात?

मागच्या अंकात लोखंडावर आधारित सुपरकंडक्टरवर (म्हणजे ठराविक तापमानाखाली वीज जराही रेझिस्टन्सशिवाय वाहू देणाऱ्या पदार्थांवर) एक छोटा लेख आला होता. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की या पदार्थांची इलेक्ट्रॉनिक रचना क्वांटम ऑसिलेशन वापरून मोजली गेली आहे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. माझ्या मते त्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं, त्यामुळे बरंच झालं.

प्रश्न : सर, आम्ही शिकलोय की चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटीचं जमत नाही. मग लोखंड घातलेला पदार्थ सुपरकंडक्टर होतोच कसा? आणि "इलेक्ट्रॉनिक रचना मोजली" म्हणजे नक्की काय मोजलं? इलेक्ट्रॉन तर सगळीकडे सारखेच असतात ना?

उत्तर : जमत नाही हे बरोबरच आहे. साध्या सुपरकंडक्टरमध्ये जरा चुंबकी अशुद्धी मिसळली तरी त्याचं क्रिटिकल तापमान (ज्याच्या खाली सुपरकंडक्टिव्हिटी येते ते) धाडकन खाली येतं, म्हणून लोखंडाकडे या कामासाठी फारसं कुणी बघतच नव्हतं. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले हिदेओ होसोनो आणि त्यांचा ग्रुप खरं तर पारदर्शक सेमीकंडक्टरच्या मागे होता. त्या कामातून २००६ मध्ये लँथॅनम, लोखंड, फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा एक पदार्थ हाती लागला जो थोड्याच केल्विनला सुपरकंडक्टर होत होता, आणि त्याची फार चर्चा झाली नाही. २००८ मध्ये त्यांनी फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक घेतलं, थोडं फ्लोरिन घातलं आणि आकडा गेला २६ केल्विनवर. मग मात्र जगभरच्या लॅबमध्ये झुंबड उडाली, आणि काही महिन्यांतच लँथॅनमच्या जागी समेरियम घालून ५५ केल्विनपर्यंत मजल गेली.

या सगळ्या पदार्थांत एक गोष्ट समान आहे. लोखंडाच्या अणूंचा चौकोनी जाळीसारखा थर असतो आणि त्याच्या वर-खाली आर्सेनिक, फॉस्फरस किंवा सेलेनियमचे अणू बसलेले असतात. वीज वाहून नेतात ते मुख्यतः लोखंडाचेच इलेक्ट्रॉन.

आता दुसरा भाग. इलेक्ट्रॉन सुटा असेल तर सगळीकडे सारखाच, पण क्रिस्टलच्या आत तो कुठल्या मोमेंटमला (संवेगाला) किती एनर्जी घेऊन फिरेल हे पदार्थ ठरवतो. इलेक्ट्रॉन खालच्या एनर्जीपासून जागा भरत वर येतात, आणि मोमेंटमच्या नकाशात भरलेल्या आणि रिकाम्या जागांमधली जी सीमा असते तिला फर्मी सरफेस म्हणतात. वीज, उष्णता, सुपरकंडक्टिव्हिटी, जे काही घडतं ते या सीमेजवळच्या इलेक्ट्रॉनमुळे घडतं, आत खोल बसलेले हलूच शकत नाहीत कारण त्यांच्या आजूबाजूच्या जागा भरलेल्या असतात. तांब्यात अशी एकच मोठी सीमा आहे. लोखंडाच्या या पदार्थांत चार-पाच छोट्या छोट्या सीमा असतात, साधारण उभ्या नळकांड्यासारख्या, आणि त्यांना पॉकेट म्हणायची पद्धत आहे. नकाशाच्या मधोमध होलची पॉकेट (म्हणजे जिथे इलेक्ट्रॉनची गैरहजेरीच धन भारासारखी वागते) आणि कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉनची पॉकेट.

या पॉकेटच्या आकाराची एवढी फिकीर का करायची? सुपरकंडक्टिव्हिटी येते ती इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमल्यामुळे. तर २००८ मध्येच इगॉर माझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानमधल्या काझुहिको कुरोकींच्या ग्रुपने अशी कल्पना मांडली की इथे इलेक्ट्रॉनच्या जोड्या क्रिस्टलच्या कंपनांमुळे बांधल्या जात नसाव्यात, मधल्या आणि कोपऱ्यावरच्या पॉकेटमध्ये चालणाऱ्या चुंबकी चढउतारांमुळे बांधल्या जात असाव्यात. हे खरं असेल तर मधलं आणि कोपऱ्यावरचं पॉकेट एकमेकांशी मापाने किती जुळतं यावर बरंच काही ठरतं. म्हणजे ते माप घ्यायलाच हवं, आणि नुसतं अंदाजपंचे घेऊन भागत नाही.

प्रश्न : क्वांटम ऑसिलेशन म्हणजे चुंबकी क्षेत्र वाढवलं की रेझिस्टन्स वर-खाली होतो असं वाचलं. क्षेत्र तर एकसारखं वाढतंय, मग वर-खाली कशासाठी? आणि त्यातून आकार कसा कळतो?

उत्तर : चुंबकी क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल गोल फिरायला लागतो. क्वांटमच्या नियमाने त्याला वाटेल ती कक्षा घेता येत नाही, ठराविक पायऱ्याच मिळतात, त्यांना लँडाऊ लेव्हल म्हणतात. क्षेत्र वाढवलं की या पायऱ्यांमधलं अंतर वाढतं आणि एकेक पायरी वर सरकत फर्मी एनर्जीला, म्हणजे फर्मी सरफेसवरच्या एनर्जीला, ओलांडून जाते. प्रत्येक ओलांडण्याच्या वेळी त्या सीमेवर उपलब्ध जागांची संख्या एकदा उसळते आणि परत बसते. रेझिस्टन्स, मॅग्नेटायझेशन (पदार्थात उठणारं चुंबकत्व), अगदी क्रिस्टलची लांबीसुद्धा त्या तालावर डोलते. गंमत अशी की हा ताल क्षेत्राच्या पटीत येत नाही, एक भागिले क्षेत्र असा आलेख काढला की मग लाटा एकसारख्या अंतरावर पडतात.

१९३० मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला द हास आणि व्हान आल्फेन यांनी बिस्मथच्या मॅग्नेटायझेशनमध्ये ह्या लाटा पाहिल्या, आणि त्याच वर्षी तिथेच लेव्ह शुब्निकोव्ह आणि द हास यांनी बिस्मथच्याच रेझिस्टन्समध्ये. म्हणून मॅग्नेटायझेशनवाल्या लाटांना द हास-व्हान आल्फेन आणि रेझिस्टन्सवाल्यांना शुब्निकोव्ह-द हास असं नाव पडलं. पण त्यातून आकार काढता येतो हे कळायला १९५२ उजाडावं लागलं. लार्स ऑन्सागरने दाखवलं की लाटांची फ्रिक्वेन्सी आणि फर्मी सरफेसचा क्षेत्राला काटकोनात घेतलेला छेद यांचं प्रमाण थेट आहे, मध्ये फक्त निसर्गाचे स्थिरांक. पदार्थ कुठला, तुकडा केवढा, काही फरक पडत नाही. मला हे सूत्र फार आवडतं, कारण यात फिट करायला काही शिल्लकच नाही, लाटा मोजा आणि क्षेत्रफळ घ्या.

फ्रिक्वेन्सीचं एकक इथे टेस्ला, म्हणजे चुंबकी क्षेत्राचंच एकक असतं, हर्ट्झ नाही, तेवढं लक्षात ठेवा. आयर्न सेलेनाइडचं उदाहरण घेऊ. त्याच्या जाळीतलं अंतर ३.७७ अँगस्ट्रॉम, त्यावरून मोमेंटमच्या नकाशाचं पूर्ण क्षेत्रफळ काढलं आणि ऑन्सागरच्या सूत्रात घातलं तर २९ हजार टेस्ला येतात. आता कुणाला २०० टेस्लाची लाट दिसली तर ते पॉकेट पूर्ण नकाशाच्या ०.७ टक्के. एवढी लहान गोष्ट इतक्या सरळ हिशोबात हाती येते.

प्रश्न : पण सुपरकंडक्टरमध्ये रेझिस्टन्स शून्य असतो!! शून्यात लाटा कुठून दिसणार?

उत्तर : दिसत नाहीतच, म्हणून आधी सुपरकंडक्टिव्हिटी मोडावी लागते. चुंबकी क्षेत्र पुरेसं वाढवलं की जोड्या तुटतात आणि पदार्थ साधा धातू होतो, त्या धातूचं फर्मी सरफेस मोजायचं. अडचण अशी की जो सुपरकंडक्टर जेवढा चांगला तेवढा तो मोडायला कठीण. बेरियम-लोखंड-आर्सेनिकच्या कुटुंबातल्या चांगल्या पदार्थांना थंड अवस्थेत मोडायला ६० टेस्लाच्या आसपास किंवा वरचं क्षेत्र लागतं. आयर्न सेलेनाइडला थरांना काटकोनात १५ ते १७ टेस्ला पुरतं. लँथॅनम-लोखंड-फॉस्फरस-ऑक्साइड ६ केल्विनचाच असल्यामुळे तो आणखी सहज मोडतो, आणि म्हणूनच या कुटुंबात फर्मी सरफेस नीट मोजलेला पहिला सुपरकंडक्टर तोच ठरला, २००८ मध्ये, ब्रिस्टलच्या अमालिया कोल्डिया आणि अँटनी कॅरिंग्टन यांच्या ग्रुपकडून, स्टॅनफर्डला वाढवलेल्या क्रिस्टलवर.

प्रश्न : मी एमएस्सीला आहे. प्रत्यक्ष प्रयोग कसा होतो ते कुठेच नीट लिहिलेलं नसतं, पेपरमध्ये दोन ओळी असतात. जरा सविस्तर सांगाल का? एवढं थंड कशाला करतात तेही सांगा.

उत्तर : नक्की, खरी मेहनत तिथेच आहे.

सुरुवात क्रिस्टलपासून. इलेक्ट्रॉनला पूर्ण एक फेरी मारेपर्यंत कशावरही आपटायचं नाही, नाहीतर त्याला आपण क्वांटाइज झालोय, म्हणजे ठराविक पायऱ्यांत बांधलोय, हे कळतच नाही. आकडा घालून बघा : १००० टेस्ला फ्रिक्वेन्सीचं पॉकेट असेल तर ३० टेस्लात इलेक्ट्रॉनच्या कक्षेची त्रिज्या येते सुमारे ३८ नॅनोमीटर, म्हणजे घेर २४० नॅनोमीटरच्या आसपास. दोन टकरांमधलं सरासरी अंतर ५० नॅनोमीटर धरलं तर अशुद्धीमुळे सिग्नल उरतो मूळच्या ९ टक्के. तेच अंतर निम्मं केलं, २५ नॅनोमीटर, तर उरतो एक टक्क्याहून कमी. क्रिस्टल दुप्पट घाण झाला की लाटा दहापटीहून जास्त बारीक, असा हा एक्स्पोनेन्शियल कारभार आहे. म्हणून कोबाल्ट वगैरे घालून डोप केलेले नमुने इथे त्रास देतात, कारण घातलेला अणू थेट लोखंडाच्या थरात जाऊन बसतो, आणि मूळ सूत्रातच सुपरकंडक्टर असलेले, काही न मिसळता चालणारे पदार्थ सोन्यासारखे वाटतात. लिथियम आयर्न आर्सेनाइड तसा आहे, १८ केल्विनला सुपरकंडक्टर, पण हवेत ठेवला की खराब होतो, म्हणून तो ग्लव्ह बॉक्समध्येच हाताळायचा.

मग तुकडा निवडायचा. टॉर्क (म्हणजे पिळ मोजण्याच्या) पद्धतीत तो साधारण १०० मायक्रॉनचा किंवा त्याहून लहान चपटा क्रिस्टल असतो, मायक्रोस्कोपखाली बघून, कडा सरळ आणि पृष्ठभाग आरशासारखा असलेला. तो एका सिलिकॉनच्या कँटिलिव्हरच्या (एका बाजूने धरलेल्या बारीक पट्टीच्या) टोकावर थोड्याशा ग्रीसने चिकटवतात. ही कँटिलिव्हर अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपसाठी बनवलेली असते, वाकली की तिचा स्वतःचा रेझिस्टन्स बदलतो. क्षेत्रात क्रिस्टलचं मॅग्नेटायझेशन त्याला पिळ देतं, कँटिलिव्हर किंचित वाकते, आणि व्हीटस्टन ब्रिजवर (रेझिस्टन्सचा बारीक फरक मोजणाऱ्या सर्किटवर) तो बदल वाचता येतो. क्षेत्राला थोडा कोन द्यावा लागतो, अगदी सिमेट्रीच्या दिशेत पिळ शून्य होतो. हे सगळं एका छोट्या फिरत्या प्लॅटफॉर्मवर, हीलियम-३ च्या क्रायोस्टॅटमध्ये, ०.३ ते ०.४ केल्विनला.

चुंबक म्हणाल तर अमेरिकेत टॅलाहासीला ४५ टेस्लाचा हायब्रिड आहे, बाहेर ११.५ टेस्लाची सुपरकंडक्टिंग कॉइल आणि आत पाण्याने थंड होणारी ३३.५ टेस्लाची. पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळपास ९ लाख पट. युरोपात ग्रनोबल आणि नाइमेगनला स्थिर क्षेत्राचे मोठे चुंबक आहेत, तूलूझ आणि ड्रेस्डेनला पल्सवाले. पल्समध्ये क्षेत्र आणखी वर जातं पण ते मिलिसेकंदांत येऊन जातं आणि धातूचा नमुना एडी करंटने (बदलत्या क्षेत्रामुळे धातूत उठणाऱ्या प्रवाहांनी) तापू शकतो, म्हणून क्षेत्र सावकाश बदलता येणारा स्थिर चुंबक मिळाला तर लोक तोच घेतात.

आता थंडीचं. तापमानामुळे फर्मी सीमा धूसर होते, आणि धूसरपणा पायऱ्यांमधल्या अंतराएवढा झाला की लाटा पुसल्या जातात. लिफ्शिट्झ आणि कोसेविच या दोघांनी १९५० च्या दशकात याचं सूत्र दिलं. समजा इलेक्ट्रॉनचं इफेक्टिव्ह मास (क्रिस्टलमध्ये तो जेवढा जड असल्यासारखा वागतो ते) मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या ४ पट आहे आणि क्षेत्र ३० टेस्ला. ४ केल्विनला सिग्नल उरतो ०.६ टक्के. १ केल्विनला ५६ टक्के. ०.३५ केल्विनला ९३ टक्के. नुसतं ४ वरून १ केल्विनला आलात की सिग्नल ९० पट! आणि हाच त्रास उलटा वापरायचा, कारण सिग्नल तापमानाबरोबर किती भरभर पडतो यावरून इफेक्टिव्ह मास थेट काढता येतं. एकाच कोनात सात-आठ तापमानांना क्षेत्र वर-खाली फिरवायचं, प्रत्येक फेरीतून खालची गुळगुळीत पार्श्वभूमी वजा करायची, एक भागिले क्षेत्रावर मांडायचं, फूरिए ट्रान्सफॉर्म (लाटांतल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारं गणित) घ्यायचा, आणि प्रत्येक शिखराची उंची तापमानासमोर ठेवून ते सूत्र बसवायचं.

एक गोष्ट नवीन मुलं विसरतात म्हणून मुद्दाम लिहितोय. ३० ते ४५ टेस्ला एवढीच खिडकी (मोजमापाला मिळालेला क्षेत्राचा टप्पा) असेल तर १००० टेस्लाच्या लाटेच्या त्यात ११ फेऱ्या बसतात, पण २०० टेस्लाच्या लाटेच्या जेमतेम दोन. आणि त्या खिडकीत ९० टेस्लापेक्षा जवळच्या दोन फ्रिक्वेन्सी वेगळ्या करताच येत नाहीत. खिडकी २० पासून उघडली तर ही मर्यादा ३६ टेस्लावर येते. म्हणजे वरचं टोक जितकं महत्त्वाचं तितकंच खालचं, आणि खालचं टोक सुपरकंडक्टिव्हिटी कुठे मोडते आणि क्रिस्टल किती स्वच्छ आहे यावर ठरतं. फूरिए ट्रान्सफॉर्ममध्ये कडेला एखादं बारीक शिखर दिसलं की लगेच त्याला पॉकेटचं नाव देऊ नका, आधी खिडकी बदलून बघा ते जागेवर राहतं का.

प्रश्न : फ्रिक्वेन्सीवरून क्षेत्रफळ कळलं, पण नळकांडं आहे की गोळा हे कसं कळणार?

उत्तर : क्रिस्टल फिरवून. सरळ नळकांडं तिरकं कापलं की छेद मोठा होत जातो, एक भागिले कोसाइनच्या हिशोबाने, आणि गोळा कसाही कापला तरी छेद तोच. खरी पॉकेट मध्ये थोडी बारीक आणि कुठेतरी फुगीर असतात, त्यामुळे एकाच नळकांड्यातून दोन फ्रिक्वेन्सी येतात, सगळ्यात बारीक जागेची आणि सगळ्यात फुगीर जागेची. दोन तारा जवळजवळ सारख्या सुरात लावल्या की आवाज लहरत येतो तसा सिग्नल लहरताना दिसतो, आणि त्या लहरण्यावरून नळकांडं किती वाकलंय ते कळतं. फिरवताना एखाद्या कोनात दोन्ही छेद सारखे होतात आणि लाटा एकदम जोरात येतात, तो कोन सापडला की आकाराबद्दलची शंका फारशी उरत नाही.

प्रश्न : मी कॉम्प्युटेशनल मटेरियल्समध्ये काम करते. डीएफटीने (कॉम्प्युटरवर इलेक्ट्रॉनिक रचना काढायच्या पद्धतीने) हे सगळे बँड, म्हणजे कुठल्या मोमेंटमला किती एनर्जी, आम्ही काढतोच की. मग प्रयोगाने वेगळं काय सांगितलं?

उत्तर : मॅडम, डीएफटी नसतं तर शिखरांना नावंच देता आली नसती, त्यामुळे तुमच्या कामाला मान देऊनच सांगतो. आकृती बरोबर येते, म्हणजे मध्ये होल, कोपऱ्यावर इलेक्ट्रॉन, नळकांडी, हे सगळं मोजमापात तसंच सापडलं. चुकतात दोन गोष्टी, आणि जवळजवळ प्रत्येक पदार्थात त्याच दिशेने चुकतात.

पहिली, मास. लँथॅनमच्या त्या फॉस्फाइडमध्ये मोजलेलं मास डीएफटीच्या साधारण दुप्पट निघालं. म्हणजे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत, अडवत चाललेत आणि त्यामुळे जड झालेत. पोटॅशियम आयर्न आर्सेनाइडमध्ये, जिथे कोपऱ्यावरची इलेक्ट्रॉन पॉकेट नाहीशी होऊन फक्त होल उरतात, मास याहून बरंच जास्त. लोखंडाच्या पाच डी-ऑर्बिटलमधले सगळेच इलेक्ट्रॉन सारखे जड होत नाहीत, काही ऑर्बिटलवाले जास्त, आणि ते हुंडच्या नियमाशी, म्हणजे एकाच अणूवरच्या इलेक्ट्रॉनचे स्पिन (त्यांची स्वतःची चिमुकली चुंबकं) एका दिशेत राहू बघतात त्याच्याशी जोडलेलं आहे असं आता बहुतेक जण मानतात.

दुसरी गोष्ट, आकार. होल पॉकेटही लहान आणि इलेक्ट्रॉन पॉकेटही लहान, गणितापेक्षा. दोन्ही एकदम लहान झाली की एकूण भाराचा हिशोब जुळतोच, म्हणून हे नुसतं डोपिंगची चूक म्हणून उडवून लावता येत नाही. होलचा बँड खाली सरकवायचा आणि इलेक्ट्रॉनचा वर, मग आकडे जुळतात. आणि हे सरकणं स्वतःच एक पुरावा आहे : असं उलटसुलट सरकणं होलचे आणि इलेक्ट्रॉनचे बँड एकमेकांशी जोरात बोलत असतील तर अपेक्षित असतं, म्हणजे जोड्या बांधण्याच्या त्याच कल्पनेला आधार मिळतो.

सगळ्यात टोकाचा आयर्न सेलेनाइड. हा ९ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होतो, पण त्याच्या बऱ्याच आधी, ९० केल्विनच्या थोडं खाली, त्याची चौकोनी जाळी किंचित लांबट होते आणि इलेक्ट्रॉन दोन दिशांत वेगळे वागायला लागतात, याला नेमॅटिक अवस्था म्हणतात. साध्या दाबाला चुंबकी क्रम (स्पिन एका ठरलेल्या रचनेत लागणं) मात्र येत नाही. २०१४ मध्ये ताइची तेराशिमा आणि सहकाऱ्यांनी त्याच्या रेझिस्टन्समधल्या लाटा मोजल्या तेव्हा फ्रिक्वेन्सी आल्या सुमारे ६०, २००, ५७० आणि ६८० टेस्ला. वर काढलेल्या २९ हजाराशी ताडून बघा, सगळ्यात मोठी कक्षासुद्धा नकाशाच्या अडीच टक्क्यांच्या आत! डीएफटीची पॉकेट याच्या कित्येक पट मोठी. मास मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या १.९ ते ७.२ पट. यातली २०० टेस्लावाली घेतली, मास ४.३, तर फर्मी एनर्जी येते सुमारे ५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि सुपरकंडक्टिंग गॅप (जोडी तोडायला लागणाऱ्या एनर्जीचं माप) २ ते ३ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरात. साध्या धातूत फर्मी एनर्जी गॅपच्या हजारो पट असते, इथे दोन्ही एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. पाठ्यपुस्तकातली बीसीएसची, म्हणजे साध्या सुपरकंडक्टरच्या थिअरीची, मांडणी ज्या गृहीतकावर उभी आहे तेच इथे डळमळतं, आणि हे कळलं ते या चार आकड्यांवरून.

प्रश्न : आर्पेसमध्ये बँड सरळ डोळ्यांनी दिसतात. मग हा एवढा खटाटोप कशाला?

उत्तर : दोन्ही लागतात. आर्पेसमध्ये फोटॉन मारून बाहेर पडलेले इलेक्ट्रॉन मोजतात, त्यामुळे पॉकेट नकाशात कुठे आहे आणि होलचं आहे की इलेक्ट्रॉनचं हे थेट कळतं. लाटांवरून यातलं काहीच थेट कळत नाही, फक्त क्षेत्रफळ, मास आणि टकरा. पण आर्पेस वरच्या काही थरांपुरतं बघतं, आणि लाटा क्रिस्टलच्या पूर्ण आतून येतात, क्षेत्रफळाचा आकडाही जास्त नेमका. एखाद्या पदार्थात दोन्हींचे आकडे जुळले की मी निश्चिंत होतो, नाही जुळले तर पृष्ठभागावर काही वेगळं घडतंय का ते आधी तपासायला हवं.

प्रश्न : चांगले सुपरकंडक्टर मोडत नाहीत म्हणता, मग सगळ्यात महत्त्वाच्या पदार्थांबद्दल कधीच कळणार नाही का?

उत्तर : बाजूने जाता येतं. बेरियम आयर्न आर्सेनाइड स्वतः सुपरकंडक्टर नाही, थंड केला की सुमारे १४० केल्विनला त्यात अँटिफेरोमॅग्नेटिक क्रम (शेजारचे स्पिन उलटसुलट दिशांना) येतो, आणि त्या क्रमामुळे मोठी पॉकेट तुटून अगदी बारीक तुकडे उरतात. हे त्याच्या भावंडात, स्ट्रॉन्शियमवाल्यात, २००८ मध्येच लाटांवरून दिसलं होतं, तुकडे नकाशाच्या दोन टक्क्यांच्या आत. आता बेरियमवाल्यात आर्सेनिकच्या जागी थोडा थोडा फॉस्फरस घाला. दोघांची व्हॅलन्स एकच, त्यामुळे भार बदलत नाही, आणि बदल लोखंडाच्या थराबाहेर होतो म्हणून क्रिस्टल बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. पूर्ण फॉस्फरस असेल तर सुपरकंडक्टिव्हिटी नाही. तिथून आर्सेनिक वाढवत आलं की तापमान चढत जातं आणि फॉस्फरस ३० टक्के असताना ३० केल्विनच्या आसपास माथा गाठतं, नेमकं तिथेच चुंबकी क्रम संपतो.

२०१० मध्ये हिरोआकी शिशिदो आणि सहकाऱ्यांनी पूर्ण फॉस्फरसपासून ४१ टक्क्यांपर्यंत याच वाटेने लाटा मोजत आणल्या. माथ्याकडे येताना इलेक्ट्रॉन पॉकेट लहान होत गेलं आणि मास वाढत गेलं. माथ्यावर स्वतः लाटा दिसत नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे, आणि २०१२ मध्ये वेगळ्याच पद्धतीने, चुंबकी क्षेत्र सुपरकंडक्टरमध्ये किती खोल शिरतं ते मोजून, बरोबर ३० टक्क्यांना टोकदार शिखर सापडलं. इलेक्ट्रॉन जिथे सगळ्यात जड तिथेच सुपरकंडक्टिव्हिटी सगळ्यात जोरकस. याला क्वांटम क्रिटिकल पॉइंट म्हणतात, शून्य तापमानाला एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची हद्द.

यावरून लगेच नियम बनवायचा मोह होतो, आणि तिथेच आयर्न सेलेनाइड आडवा येतो. त्यात सेलेनियमच्या जागी गंधक घालत गेलं की १७ टक्क्यांच्या आसपास नेमॅटिक अवस्था संपते. ४५ टेस्लापर्यंत आणि ०.४ केल्विनपर्यंत जाऊन कोल्डिया आणि सहकाऱ्यांनी ही मालिका मोजली, २०१९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बहुतेक पॉकेट गंधकाबरोबर सावकाश मोठी होत गेली, फक्त एक कमी फ्रिक्वेन्सीची ठळक लाट, लहान पण चपळ बँडची, बरोबर त्या हद्दीवर नाहीशी झाली. म्हणजे फर्मी सरफेसची घडणच तिथे बदलते, त्याला लिफ्शिट्झ ट्रान्झिशन म्हणतात. आणि मास नेमॅटिक अवस्थेच्या आत जास्त, हद्द ओलांडली की कमी, बेरियमवाल्यासारखं हद्दीकडे येताना चढत जाणं इथे नाही. सुपरकंडक्टिंग तापमानही त्या हद्दीवर उसळी मारत नाही.

तेव्हा चुंबकी हद्द आणि नेमॅटिक हद्द इलेक्ट्रॉनशी वेगळ्या वागतात. माझं मत विचाराल तर जोड्या बांधायला चुंबकी चढउतार जास्त कामाचे आहेत आणि नेमॅटिक हद्द ही बरीचशी जाळीच्या ताणामुळे बोथट होते, आयर्न सेलेनाइडवर दाब देऊन केलेल्या प्रयोगांचा कलही त्याच बाजूचा दिसतो. ज्यांना यात काम करायचंय त्यांनी कॅल्शियम-पोटॅशियम-लोखंड-आर्सेनिकच्या ३५ केल्विनवाल्या पदार्थाकडे बघावं, तो न मिसळता बनतो, क्रिस्टल स्वच्छ येतात, आणि त्याला मोडायला लागणारं क्षेत्र पल्स चुंबकांच्या टप्प्यातलं आहे.